ओळख पटेपर्यंत

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात लेटन विल्की नावाचे एक कारखानदार होते. त्यांचा धंदा धातू कापणाऱ्या यंत्रांचा, आणि माणसानं पहिलं अवजार कधी, कसं घडवलं याविषयी त्यांना जबर कुतूहल. आफ्रिकेत आदिमानवाचे अवशेष शोधणारे लुई लीकी यांनी त्यांच्याकडे एका वेगळ्याच कामासाठी मदत मागितली. टांगानिका सरोवराकाठच्या गोंबे या डोंगराळ जंगलात राहून एक तरुणी चिंपांझींचं निरीक्षण करणार होती. तिच्याकडे विद्यापीठाची कुठलीही पदवी नव्हती. विल्कींनी 3000 डॉलर दिले. एक छोटी होडी, एक तंबू, प्रवासभाडं आणि सहा महिन्यांचा खर्च एवढं त्यात भागणार होतं. त्या पैशांतून सुरू झालेलं काम आज 65 वर्षांनंतरही चालू आहे. वन्य प्राण्यांचा इतका दीर्घ आणि सलग अभ्यास जगात फार थोड्या ठिकाणी झाला आहे.

ती तरुणी म्हणजे जेन गुडाल. 1 ऑक्टोबर 2025 रोजी, वयाच्या 91 व्या वर्षी, कॅलिफोर्नियात व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना त्यांचं निधन झालं. चिंपांझीचं एक पिल्लू हात लांब करून तरुण जेनच्या बोटांना स्पर्श करू पाहतंय, हे त्यांचं छायाचित्र अनेकांनी पाहिलं असेल. त्यात दोघंच दिसतात, आणि त्यामुळे असं वाटतं की गोंबेच्या जंगलात एक बाई आणि चिंपांझी यांच्याखेरीज कुणी नव्हतंच. प्रत्यक्षात तिथे पहिल्या दिवसापासून स्थानिक माणसं होती. चिंपांझींचा अभ्यास टिकला तो त्यांच्यामुळे, आणि चिंपांझींचं जंगल थोडंफार परत येऊ लागलं तेही त्यांच्यामुळे. गुडाल यांचं मोठेपण मला त्यांच्या शोधांइतकंच याही गोष्टीत दिसतं, की ही बाब त्यांना स्वतःला फार स्पष्ट कळली होती.

जेन यांचा जन्म लंडनचा, 1934 चा. लहानपणापासून आफ्रिकेत जाऊन प्राण्यांमध्ये राहायचं एवढाच ध्यास. घरची परिस्थिती बेताची, म्हणून कॉलेजऐवजी सेक्रेटरीचा अभ्यासक्रम केला, पुढे हॉटेलात वाढपी म्हणून काम करून बोटीचं भाडं साठवलं आणि 1957 मध्ये केनिया गाठलं. तिथे लीकींनी त्यांना आपल्या कचेरीत घेतलं. लीकींचा हिशेब सरळ होता. आदिमानवाची हाडं सापडतात, दगडी हत्यारं सापडतात, पण वागणूक काही जमिनीत पुरून राहत नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक असेल, तर जे वागणं आज दोघांतही दिसतं ते त्या पूर्वजातही असण्याचा संभव मोठा. त्यासाठी चिंपांझी त्यांच्या घरी जाऊन पाहायला हवेत, आणि पाहणाऱ्याचं डोकं ठरीव सिद्धांतांनी भरलेलं नसलं तर उत्तमच. त्याआधी हेन्री निसेन या अमेरिकन संशोधकानं 1930 मध्ये फ्रेंच गिनीत जेमतेम अडीच महिने चिंपांझींचा माग काढला होता. जंगलातल्या चिंपांझींविषयी जगाला जे ठाऊक होतं ते साधारण तेवढंच.

14 जुलै 1960 रोजी जेन गोंबेच्या किनाऱ्यावर उतरल्या. टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भाग, तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होता, आणि एकट्या तरुणीनं जंगलात राहायला अधिकाऱ्यांची परवानगी मिळेना. मग त्यांच्या आई, व्हॅन गुडाल, सोबत आल्या. सोबत म्हणून आलेल्या या बाईंनी केलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांनी किनाऱ्यावर एक साधा दवाखाना सुरू केला. किनाऱ्यावर मासेमारांच्या झोपड्या होत्या. दिव्याच्या उजेडात रात्री ‘डगा’ नावाची बारीक मासळी धरायची आणि दिवसा वाळूवर पसरून सुकवायची, हा त्यांचा व्यवसाय. चिघळलेल्या जखमा, ताप, पोटदुखी घेऊन ही माणसं येऊ लागली. व्हॅन मिठाच्या पाण्यानं जखमा धुवायच्या, साध्या गोळ्या द्यायच्या. गोऱ्या सरकारनं राखीव केलेल्या जंगलात एक गोरी मुलगी कशाला आली आहे, हा संशय त्या दवाखान्यानं बराच निवळला. चिंपांझींनी जेन यांना जवळ येऊ देण्याच्या कितीतरी आधी गावकऱ्यांनी त्यांना आपल्यात येऊ दिलं होतं.

चिंपांझींचं मात्र काही जमत नव्हतं. गोंबे म्हणजे सरोवराच्या पूर्व काठावरची सुमारे 35 चौरस किलोमीटरची चिंचोळी पट्टी. मागे उभा कडा, त्यावरून सरोवराकडे धावणारे ओढे, ओढ्यांच्या खोऱ्यांत दाट झाडी आणि वरच्या दांडांवर गवत. चिंपांझी दिसत ते दरीपल्याड, आणि माणूस दिसला की पळत. तिसऱ्या महिन्यात मायलेकी दोघीही मलेरियानं अंथरुणाला खिळल्या. बरं वाटताच जेन एका उंच सुळक्यावर जाऊन बसू लागल्या. तिथून दोन खोरी नजरेत येत. रोज त्याच रंगाचे कपडे, तीच जागा, लपणं नाही, पाठलाग नाही. आपण आहोत हे चिंपांझींना दिसू द्यायचं आणि त्यांनी काय ते ठरवायचं. पत्र्याच्या पेटीत किटली, कॉफी, एक घोंगडी ठेवलेली असे. काही रात्री त्या तिथेच काढत.

सगळ्यात आधी धीट झाला तो पांढऱ्या हनुवटीचा एक नर. त्याला त्यांनी डेव्हिड ग्रेबिअर्ड म्हटलं. ऑक्टोबरअखेर तो रानडुकराचं पिल्लू खाताना दिसला. चिंपांझी फळं-पाला खाऊन राहतात हा समज तिथेच संपला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो एका वारुळापाशी बसलेला आढळला. गवताची एक काडी वारुळाच्या भोकात घालायची, क्षणभर थांबायचं, हळूच बाहेर ओढायची आणि काडीला चावून लटकलेल्या वाळव्या ओठांनी टिपायच्या. काडी वाकली की टोक तोडून टाकायचं. पुढे त्यानं आणि इतरांनी पानं असलेली डहाळी तोडून, तिची पानं ओरबाडून काढून ती वापरलेली दिसली. पहिल्या पावसाच्या सुमारास पंखवाल्या वाळव्या उडायला निघतात आणि वारुळांची तोंडं उघडी होतात. चिंपांझींना तो हंगाम नेमका ठाऊक असतो.

पाळीव चिंपांझी काठ्यांनी केळी ओढून घेतात हे प्रयोगशाळांत पूर्वीच दिसलं होतं. पण जंगलात, कुणी न शिकवता, एका कामासाठी वस्तूचा आकार बदलणं म्हणजे अवजार घडवणं झालं. अवजार घडवतो तो माणूस, अशी व्याख्या तेव्हा शास्त्रात रूढ होती. जेन यांची तार मिळताच लीकींनी उलट कळवलं की आता अवजाराची तरी व्याख्या बदला, माणसाची तरी बदला, नाहीतर चिंपांझींना माणसात घ्या. अवजारांच्या उगमाचं कोडं ज्यांना पडलं होतं त्या विल्कींच्या पैशांची मुदत संपत आली असतानाच हे घडलं. त्यानंतर नॅशनल जिओग्राफिक सोसायटीनं खर्च उचलला.

1962 मध्ये जेन केंब्रिजला पीएच.डी.साठी गेल्या. पदवी नसताना थेट तिथे प्रवेश मिळणं ही विरळा गोष्ट. तिथल्या जाणत्यांनी त्यांना सांगितलं की प्राण्यांना नावं देणं अशास्त्रीय आहे, क्रमांक द्यावेत, आणि त्यांच्या स्वभावाबद्दल किंवा मनाबद्दल बोलू नये. जेन बधल्या नाहीत. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती बहुतेक वेळा राहून जाते. जपानमध्ये किंजी इमानिशी आणि त्यांचे विद्यार्थी 1948 पासूनच माकडांना एकेकटं ओळखून, त्यांची नाती लिहून, वर्षानुवर्षं एकाच टोळीमागे राहण्याची पद्धत वापरत होते. गोंबेच्या दक्षिणेला, त्याच सरोवराकाठी महाले इथे तोशिसादा निशिदा यांनी 1965 मध्ये चिंपांझींचा असाच दीर्घ अभ्यास सुरू केला आणि तोही दशकानुदशकं चालला. ओळखीचं शास्त्र असं दोन दिशांनी आलं.

ओळख का हवी, हे चिंपांझीच्या आयुष्याचा वेग पाहिला की समजतं. पिल्लू चार-पाच वर्षं आईचं दूध पितं. पुढचं भावंड येतं तेही पाचेक वर्षांनी. मादीला पहिलं मूल होतं तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची असते, आणि आयुष्य पन्नाशीपर्यंत जाऊ शकतं. दोन वर्षांच्या प्रकल्पात अशा प्राण्याचं फक्त एक वय दिसतं. गोंबेत फ्लो नावाची फाटक्या कानाची, फुगीर नाकाची म्हातारी होती. माणसाच्या नजरेला कुरूप, पण नर तिच्यामागे झुंबड करत आणि इतर माद्या तिचा मान राखत. तिची मुलं फेबन, फिगन, फिफी आणि फ्लिंट. फिगन पुढे टोळीचा म्होरक्या झाला. फिफी टोळीतच राहिली आणि तिला एकूण नऊ मुलं झाली. फ्लिंट मात्र आईपासून कधी सुटलाच नाही. 1972 मध्ये फ्लो ओढ्याकाठी मेली तेव्हा तो साडेआठ वर्षांचा होता, स्वतःचं स्वतः मिळवून खाण्याच्या वयाचा. त्यानं खाणं सोडलं, इतरांत मिसळणं सोडलं, आणि काही आठवड्यांत तोही गेला. फ्लोच्या मृत्यूची दखल लंडनच्या संडे टाइम्सनं मृत्युलेख छापून घेतली.

नोंदी साठत गेल्या तसतसे त्यांतून असे प्रश्न सुटू लागले, जे एका माणसाच्या हयातीत सुटले नसते. 1997 मध्ये अ‍ॅन प्युसी आणि सहकाऱ्यांनी तीन-साडेतीन दशकांच्या नोंदी चाळून दाखवलं की वरच्या दर्जाच्या माद्यांची पिल्लं जास्त जगतात आणि त्यांच्या मुली लवकर वयात येतात. माद्यांमधला दर्जा वरवर दिसतच नाही, त्यामुळे अनेकांना तो नसतोच असं वाटे. 2004 मध्ये एलिझाबेथ लॉन्सडॉर्फ यांनी दाखवलं की वाळव्या काढण्याची कला मुली मुलांपेक्षा दोनेक वर्षं आधी शिकतात. आई काडी घालत असताना मुली शेजारी बसून तिचे हात निरखतात आणि मुलगे तेवढ्या वेळात कोलांट्या मारत असतात. मुलीची काडी घालण्याची पद्धतही आईसारखीच होते. ही वाक्यं वाचायला सोपी आहेत. ती लिहिता यावीत म्हणून कुणीतरी वर्षानुवर्षं उन्हापावसात वारुळापाशी बसलेलं असतं.

या अभ्यासात चुकाही झाल्या. चिंपांझी जवळून दिसावेत म्हणून 1960 च्या दशकात छावणीवर केळी ठेवली जात. चिंपांझी आले, पण झुंडीनं आले, एकमेकांशी आणि बबून माकडांशी भांडू लागले, दिवसाचा क्रम बिघडला. 1966 मध्ये पोलिओची साथ आली तेव्हा चिंपांझी एकाच जागी गोळा होण्याचा धोका समोर उभा राहिला, आणि केळ्यांतूनच लस देण्याची वेळ आली. पुढे केळी देणं कमी केलं आणि 2000 साली पूर्ण थांबवलं. आज गोंबेत पाहुण्यांना अंतर राखावं लागतं आणि तोंडावर मुखपट्टी लावावी लागते. माणसाची साधी सर्दी चिंपांझीला न्यूमोनिया होऊन मारू शकते.

1970 च्या दशकात गोंबेनं आपल्याला नको असलेलं काही दाखवलं. कासाकेला नावाची मुख्य टोळी फुटली आणि काही नर-माद्या दक्षिणेला काहामा खोऱ्यात वेगळ्या राहू लागल्या. जानेवारी 1974 मध्ये कासाकेलाच्या नरांची तुकडी मूकपणे सीमा ओलांडून गेली आणि एकट्या असलेल्या गोडी या नराला तिनं मारून मारून अर्धमेला करून टाकलं. हे प्रत्यक्ष पाहिलं आणि लिहून ठेवलं ते हिलाली मातामा या टांझानियन निरीक्षकांनी. पुढच्या चार वर्षांत काहामाचे नर एकेक करून संपले. जे एकमेकांच्या अंगावरचे किडे वेचत वाढले होते तेच मारणारे आणि मरणारे. केळ्यांमुळे हे झालं असावं असा आक्षेप अनेक वर्षं घेतला गेला. 2014 मध्ये आफ्रिकाभरच्या 18 चिंपांझी टोळ्यांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या, त्यांत 152 हत्या आढळल्या, आणि माणसाच्या ढवळाढवळीशी त्यांचा संबंध दिसला नाही. काहामाच्या हल्ल्यांच्याच काळात पॅशन नावाची मादी आणि तिची मुलगी पॉम इतर माद्यांची तान्ही पिल्लं पळवून मारताना दिसल्या. जंगलातल्या प्राण्यानं स्वजातीच्या पिल्लांचा जीव घेणं हे 1962 मध्ये आपल्या शेजारच्या धारवाडच्या रानात दिसलं होतं. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा तिथे वानरांच्या टोळ्या अभ्यासत होते, आणि नवा नर टोळी ताब्यात घेतल्यावर आधीच्या नराची पिल्लं मारतो हे त्यांनी नोंदवलं. तेव्हा अनेकांनी ती विकृती मानली. लांब मुदतीच्या अभ्यासांनी ती समजूत हळूहळू मोडली.

गुडाल यांना काहामाच्या घटनांनी हादरवलं, पण त्यांनी त्या लपवल्या नाहीत. चिंपांझींवर लोकांनी प्रेम करावं म्हणून झटणाऱ्या व्यक्तीसाठी हे सोपं नव्हतं. मला वाटतं, त्यांच्या शब्दावर लोकांनी पुढे विश्वास ठेवला त्याचं एक कारण हे आहे.

मे 1975 मध्ये सरोवरापलीकडून, म्हणजे तेव्हाच्या झैरेतून, सशस्त्र बंडखोर रात्री होड्यांनी आले आणि त्यांनी गोंबेतून चार परदेशी विद्यार्थ्यांना पळवून नेलं. तीन अमेरिकन, एक डच. पुढे सगळे सुटून आले, पण परदेशी विद्यार्थ्यांचं गोंबेत राहणं बंद झालं. गुडाल स्वतः दार-एस-सलामला राहून अधूनमधून येत. बाहेरून पाहणाऱ्याला हा अभ्यास संपला असंच वाटलं असतं. तो संपला नाही, कारण आसपासच्या गावांतले निरीक्षक सकाळी उठून डोंगर चढत राहिले.

सुरुवातीला ही माणसं वाट दाखवणारी, सामान वाहणारी म्हणून आली होती. रशिदी किकवाले हे त्यांतले पहिल्या दिवसांतले. हिलाली मातामा 1960 च्या दशकाअखेरीस आले आणि चिंपांझींचे चेहरे, आवाज, चाल ओळखण्यात कुणालाही मागे टाकतील असे तयार झाले. काम असं. चिंपांझी रोज संध्याकाळी झाडावर फांद्या वाकवून नवं घरटं करतात. निरीक्षकांची जोडी आदल्या रात्री पाहून ठेवलेल्या घरट्याखाली उजाडण्याआधी पोचते. ठरलेला चिंपांझी उठतो तिथपासून तो रात्रीचं घरटं बांधेपर्यंत त्याच्या मागे. ठरावीक मिनिटांनी कोण कोण सोबत आहे, काय खाल्लं, कुठल्या खोऱ्यात, कुणी कुणाला सलाम केला, कुणी कुणाला हाकललं, हे सगळं स्वाहिलीत नोंदवायचं आणि नकाशावर मार्ग काढायचा. काटेरी जाळ्यांतून, उभ्या चढावर, चार हातापायांनी पळणाऱ्याच्या मागे. प्युसी किंवा लॉन्सडॉर्फ यांच्या निष्कर्षांखाली हेच कागद आहेत. वडिलांनंतर मुलगा याच कामाला लागल्याची घरं तिथे आहेत. शास्त्राच्या इतिहासात या नावांना जितकी जागा मिळाली त्याहून कितीतरी मोठी जागा त्यांची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

1986 साली शिकागोत चिंपांझी संशोधकांची एक परिषद भरली. गुडाल यांचा गोंबेवरचा जाडजूड शास्त्रीय ग्रंथ नुकताच आला होता. परिषदेत एक सत्र संवर्धनावर होतं. आफ्रिकेतल्या एकेका अभ्यासस्थळावरून एकेक जण उठून तेच सांगत गेला: जंगल तुटतंय, मांसासाठी शिकार होतेय, पिल्लं पकडून विकली जातायत. प्रयोगशाळांतल्या लहान पिंजऱ्यांतल्या चिंपांझींची दृश्यंही दाखवली गेली. त्या परिषदेनंतर गुडाल पुन्हा कधी जास्त दिवस जंगलात राहिल्या नाहीत. वर्षातले तीनशेच्या आसपास दिवस त्या प्रवासात असत.

पण त्यांच्या स्वतःच्या घरी काय चाललं होतं? 1990 च्या आसपास छोट्या विमानातून गोंबेवरून जाताना त्यांना ते दिसलं. 1960 मध्ये सरोवराच्या काठानं सलग जंगल होतं. आता राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत हिरवं आणि हद्द संपली की उघडे डोंगर. उभ्या उतारांवर कसाव्याची शेतं, जळणासाठी तोडलेली झाडं, पावसात घरंदारं घेऊन खाली येणारी माती. माणसं वाढली होती, आणि बुरुंडी व झैरेतल्या हिंसाचारातून पळालेले निर्वासितही गोंबेजवळच्या किगोमा भागात आले होते. उद्यानात तेव्हा साधारण शंभर चिंपांझी. एवढासा समूह चारी बाजूंनी कोंडला तर रोगानं किंवा रक्तातल्या रक्तात वाढून संपतो. आणि हद्दीबाहेरचा माणूस स्वतःच उपाशी असताना त्याला चिंपांझी वाचवायला कुठल्या तोंडानं सांगणार? कोकणातल्या ज्या बागायतदाराचे नारळ आणि आंबे माकडं फस्त करतात, त्याच्यापुढे निसर्गप्रेमावर भाषण करून पाहिलेल्या कुणालाही या प्रश्नाचं वजन ठाऊक असेल.

1994 मध्ये गोंबेभोवतीच्या 12 गावांत ‘टेककेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. मूळ विचार झाडं लावण्याचा. पण आधी टांझानियन कार्यकर्त्यांचा एक गट गावोगाव जाऊन बसला आणि त्यानं लोकांना विचारलं, तुम्हाला काय हवंय? चिंपांझी कुणी म्हटलं नाही, झाडंही फारशी कुणी मागितली नाहीत. धान्य जास्त पिकावं, दवाखाना हवा, मुलांना शाळा हवी, पाणी हवं. मग काम तिथून सुरू झालं. थकलेली जमीन रसायनांशिवाय कशी सुधारायची ते शिकवलं. पाण्याच्या सोयी केल्या. बायकांचे बचत गट झाले, बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेच्या धर्तीवर लहान कर्जं मिळू लागली, आणि त्यांतून रोपवाटिका, कोंबड्या, छोटी दुकानं उभी राहिली. मुलींना शिष्यवृत्त्या दिल्या. गावातल्याच स्त्री-पुरुषांना कुटुंबनियोजनाची माहिती देण्यासाठी तयार केलं. घराजवळ सरपणाची झाडं लावली, कमी लाकडावर चालणाऱ्या चुली आल्या. डोंगरावर कॉफी पिकवणाऱ्यांना चांगला भाव देणारी गिऱ्हाइकं शोधून दिली, कारण कॉफीला सावली लागते आणि सावलीसाठी झाड राखावं लागतं.

गोंबेत जे चिंपांझींशी केलं होतं तेच इथे माणसांशी केलं गेलं, असं मला वाटतं. आधी जाऊन बसायचं, समोरच्याला आपल्याकडे नीट पाहू द्यायचं, एकेकाला ओळखायचं, आणि त्यानंतर काय करायचं ते ठरवायचं. बाहेरून आलेल्यांनी तयार योजना आणली असती तर ती रोपं पहिल्या उन्हाळ्यात वाळली असती.

या मेहनतीचं फळ जंगलापर्यंत पोचायला दहाएक वर्षं लागली. टांझानियाच्या 1999 च्या कायद्यानं गावांना आपल्या जमिनीचा आराखडा स्वतः करण्याचा अधिकार दिला होता. उपग्रहातून घेतलेली बारकाव्याची चित्रं मोठ्या कागदांवर छापून गावच्या सभेत मांडली गेली. लोकांनी त्यांवर आपली घरं, ओढे, देवस्थानं, तुटलेले उतार बोटानं दाखवले. शेती कुठे, गुरं कुठे, जंगल कुठे, हे त्यांनी ठरवलं. उद्यानाला लागून गावांची राखीव वनं अशी उभी राहिली. तिथल्या तोडलेल्या झाडांची मुळं बऱ्याच ठिकाणी जिवंत होती. कुऱ्हाड, आग आणि गुरं थांबली की बुंध्यांना धुमारे फुटतात आणि काही वर्षांत डोक्यावर जातात. गावांनी नेमलेले वनरक्षक मोबाइल फोनवर सापळे, तोड, प्राण्यांच्या खुणा नोंदवतात. म्हणजे निरीक्षकाची नोंदवही आता उद्यानाच्या हद्दीबाहेरही गेली.

आणि शास्त्र मागे पडलं असंही नाही. 2009 मध्ये बीट्रिस हान आणि सहकाऱ्यांनी गोंबेच्या नोंदींचा व विष्ठेच्या नमुन्यांचा मेळ घालून सिद्ध केलं की ‘एचआयव्ही’चा पूर्वज असलेला विषाणू चिंपांझींनाही मारतो. लागण झालेल्यांच्या मृत्यूचं प्रमाण इतरांच्या 10 ते 16 पट निघालं. त्याआधी हा विषाणू चिंपांझींना अपाय करत नाही असं मानलं जाई. एकाही चिंपांझीला सुई न टोचता हे कळलं, कारण कुठली विष्ठा कुणाची हे सांगणारी माणसं तिथे होती.

1991 मध्ये दार-एस-सलामला गुडाल यांच्या व्हरांड्यात 12 विद्यार्थी जमले होते. आपल्या भागातले प्रश्न घेऊन आलेल्या त्या मुलांतून ‘रूट्स अँड शूट्स’ ही चळवळ निघाली आणि पुढे अनेक देशांत पसरली. माणसांसाठी, प्राण्यांसाठी आणि परिसरासाठी काय करायचं ते मुलांनीच ठरवायचं, हा तिचा एकमेव नियम म्हणावा असा नियम. नव्वदीतही गुडाल सभागृहात उभ्या राहिल्या की चिंपांझीचा लांबवर ऐकू जाणारा हुंकार तोंडानं काढून बोलायला सुरुवात करत. आशा ठेवा, असं त्या सांगत. आशेचं भाषण पुष्कळ जण करतात. त्यांचं ऐकावंसं वाटे, कारण त्यांच्या आशेला उघड्या डोंगरांचा आणि पुन्हा फुटलेल्या बुंध्यांचा आधार होता.

चिंपांझी अजून संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहेत. आफ्रिकेत सगळे मिळून 1 लाख 70 हजार ते 3 लाख असावेत असा अंदाज आहे. गोंबेतली परिस्थितीही नाजूकच आहे. उत्तरेची मितुम्बा टोळी लहान आहे, दक्षिणेची कालांदे टोळी खूप घटली. वयात आलेल्या माद्या एरवी दुसऱ्या टोळीत निघून जातात, पण जायला जागा नसली की त्या फिफीसारख्या घरीच राहतात, आणि रक्ताची सरमिसळ थांबते. गावांनी राखलेली वनं सलग जोडली गेली तर उत्तरेला बुरुंडीच्या सीमेपर्यंत आणि पूर्वेकडच्या डोंगरांत त्यांना वाट मिळेल. त्यासाठी आराखड्यांची मुदत संपली की ते गावसभेत पुन्हा करून घ्यावे लागतात, शेजारच्या नव्या गावाला पहिल्यापासून समजवावं लागतं, बचत गटांचं कर्ज फिरतं राहावं लागतं, आणि वनरक्षकांचा व निरीक्षकांचा पगार दर महिन्याला निघावा लागतो. हा पैसा अजूनही बराचसा बाहेरून येतो, आणि तो गुडाल यांच्या पश्चात कसा उभा राहणार हे ठरवण्याचं काम आता किगोमातल्या आणि जगभरच्या त्यांच्या सहकाऱ्यांपुढे आहे.